पाचवा शनिवार

तिच्या इस्त्रीची ख्याती अशी, की तिनं घडी घातलेला कोट चढवला की पोक आलेला म्हातारासुद्धा फर्लांगभर ताठ चालायचा. लॉन्ड्रीचा मालक म्हणायचा, हिनं इस्त्री केलेल्या बाहीच्या कडेनं लिंबू चिरावं. कौतुक फुकट असतं. पगार मात्र दर शनिवारी, आखूडच. म्हणून सरकारी मदत मिळायची, आणि त्या मदतीतून वडिलांजवळ, म्हणजे आबांजवळ, दिवसभर बसायला एक मावशी ठेवलेली. आबांचे पाय दोन वर्षांपूर्वीच गेले होते, जीभ तेवढी शाबूत.

आणि एका महिन्यात पाच शनिवार आले.

लगेच मदत-कचेरीचं पत्र: कमाई मर्यादेबाहेर, मदत बंद.

ती भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून कचेरीत गेली. "बघा मॅडम! पगार तोच. शनिवार एक जास्त आला, त्यात माझा काय गुन्हा?"

खिडकीतल्या मॅडमनी शनिवार दोनदा मोजले. "खरंय हो तुमचं. पण कॉम्प्युटर महिना बघतो. फेरविचाराचा अर्ज करा, सहा आठवडे लागतील."

"तोवर आबांना काय कपाटात ठेवू?"

"पुढचे कोण?"

मावशी दोन दिवस फुकट आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जीव तुटतो गं, पण माझीही चूल आहे."

"मी मेलो तर सुटशील?" आबांनी विचारलं.

"छे! घरातलं माणूस घटलं की मर्यादाही घटते. मरू नका, परवडायचं नाही."

सकाळी तिनं आबांना चाकाच्या खुर्चीत घातलं आणि थेट त्या खिडकीसमोर नेऊन लावलं.

"परिस्थितीत बदल झाला की कळवायचं असतं ना? हा घ्या बदल. सहाला सुटले की न्यायला येते."

"अहो, कचेरी पाचला बंद होते!"

"मग मला साडेचारलाच निघावं लागेल. पगार कापतील."

मॅडमनी टकटक आकडे दाबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "रोजचा दीड तास कापला, तर तुम्ही मर्यादेत बसता! मदत सुरू!"

"मदत आली की मावशी येणार, मी पुन्हा सहापर्यंत राबणार, आणि पाचवा शनिवार आला की तुम्ही पुन्हा पत्र धाडणार."

"नियमच तसा आहे," मॅडम कसनुसं हसल्या.

ती दाराकडे वळली.

"अहो, यांना औषध कधी द्यायचं?"

"एकला. लघवीचं भांडं खुर्चीखाली आहे. तुम्ही लाजू नका, ते लाजत नाहीत," ती दारातून ओरडली आणि पळत सुटली. उशीर झाला तर त्याचेही पैसे कापले जाणार होते.