माझ्या गावाचा देश कुणी बदलला

"हाय का दम? मग गावाचा देश बदलून दाव," शाहरुख म्हणाला, आन् जयराज येड्यागत व्हय म्हणून बसला.

ज्याच्यावर ह्यो खेळ झाला ते मी. नेटवरच्या ज्ञानकोशातलं करंजमाळ गावाचं पान बोलतंय, तालुका कवठे महांकाळ. वय चौदा, शिक्षान अर्धवट. खोटं वाटत असंल तर माझ्या टाळक्यावरची पाटी बघा, 'हा लेख अपूर्ण आहे.'

मला जन्माला घातलं जोतीराम हवालदारांनी. फौजेतनं पेन्शनीवर आले, एका बोटानं टायपिंग शिकले आन् लिवलं, 'भाषा: मराठी. देश: भारत.' तेवढ्याला अख्खी सकाळ गेली. आमच्यात कुणीबी लिवावं, कुणीबी खोडावं. चांगलं त्येच, वाईटबी त्येच.

त्या दिवशी हवालदार कुतुबुद्दीनभाईंच्या शिलाईच्या दुकानात कोटाचं माप द्यायला आलते. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा दरसाल त्येच फडकवत्यात. त्यांचा मोबाइल फळीवर ठिवलेला, ज्ञानकोशाचं खातं त्यात उघडंच. आमच्या गावात दाराला कुलूप नसतं, मोबाइलला कोण लावतंय. भाईंच्या पोरानं, शाहरुखनं, दुकानात बसलेल्या दोस्ताला, जयराजला, पैज टाकली. भाई छातीचं माप घेईपतुर जयराजनं काम उरकलं.

'भाषा: करंजमाळी, मराठीहून वेगळी. देश: करंजमाळ.'

वर पुरावा म्हणून त्याच्या आज्जीच्या, रंगूबाईच्या, तोंडातलं धा-बारा कानडी शब्द. शब्द खरं हुतं, तिचं माहेर जतच्या पल्याड, कर्नाटकातलं.

मला वाटलं, ह्याला कोण भुलतंय. पर दोन दिवसांत लांबलांबचं शहाणं गोळा झालं. एकानं मला कानडीच्या कुळात ढकललं. दुसऱ्यानं वढून मराठीच्या बोलीत बशिवलं. तिसरा म्हणाला, बोली कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. माझ्या चर्चापानावर, जिथं वाद घालायचा तिथं, नुसता शिमगा. गाव कसं बोलतं ते गावाला एकानंबी इचारलं न्हाई. मीबी खिदळत हुतं.

मग एकाची नजर 'देश' वर पडली. त्यानं माझा इतिहास उघडला. कुणी कवा काय लिवलं ते तिथं नावानिशी ऱ्हातं. नाव निघालं जोतीरामांचं, त्यांच्या खात्यावर त्यांनीच लिवलेलं, 'माजी सैनिक'. 'माजी सैनिक, आणि देश नाकारतो?' असं त्यानं लिवलं. हवालदारांचं खातं बंद झालं. भांडण मिटंस्तवर मलाबी हाय तसंच कुलूप, कुणाला अक्षर हलवता येईना. त्या समद्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर आला आन् माझं हसू जागच्या जागी थिजलं.

सरपंच लालासाहेब हवालदारांच्या दारात आले. "आवं हवालदार, लोक बोलत्यात. यंदा झेंड्याला दुसरं कुणीतरी बघू."

"मी न्हाई लिवलं ते."

"नाव तर तुमचंच हाय की."

हवालदारांनी मला उघडलं. बावीस वर्सं ज्या देशाची वर्दी घातली, त्यो माझ्यावर नव्हता. ती वळ खोडायला गेले, बोट नुसतंच काचंवर आपटत ऱ्हायलं. मोबाइल कुणाच्या हातात हुता, मला ठावं. पर पानाला कुठलं तोंड.

पंचवीस तारखंला जयराज शिवलेला कोट घिऊन त्यांच्याकडं गेला. शाहरुखची छाती झाली न्हाई.

"ठिव खुंटीला," हवालदार म्हणाले. "यंदा घालायचा न्हाई."

जयराज हलंना. "तात्या, मोबाइल द्या की जरा."

"कशाला रं?"

"लिवायचंय."

हवालदारांनी त्याच्याकडं बघितलं. मग मोबाइल पुढं केला. "माझ्या नावानं न्हाई. तुझं खातं काढ."

एरवी दोन अंगठ्यांनी धडाधडा लिवणारं पोरगं, त्या दिवशी एका बोटानं लिवत हुतं. चर्चापानाला कुलूप नव्हतं, तिथं लिवलं, त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवरबी सोडला.

सकाळी कोट खुंटीवरनं निघाला आन् झेंड्याच्या दोरीपाशी उभा ऱ्हायला. माझं कुलूप निघायला आणखी चार दिस गेलं. आता मी बरं हाय, अजून अपूर्णच. तवा माझ्यावर लिवा, खुशाल लिवा, पर आपापल्या नावानं. आन् कवा चर्चापान उघडलंच, तर सगळ्यात खालची वळ वाचा:

'भाषा मराठी. देश भारत. जोतीरामतात्यांनी कायबी केलं न्हाई. पैज लागली म्हणून म्या लिवलं हुतं. जयराज, करंजमाळ.'