शिवराईचं न्हाणं

पेठ वडगावच्या एसटीत खिडकीशी बसून गणपतराव एकच वाक्य घोळवत होते. 'तानाक्का, शिवराईला चिंच-मीठ लावू नका.' तीन वर्षांत एवढं बोलायला त्यांची जीभ उचलली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी वडगावचा केरबा ते तांब्याचं नाणं कोल्हापुरात त्यांच्या खोलीवर घेऊन आला, तेव्हा त्यावर हिरवी भुकटी माजली होती. घरच्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत पुजलेली ती पिढीजात शिवराई. गणपतरावांची सगळी नोकरी वाचनालयात गेलेली. नाण्यांची विद्या पुस्तकांतून उचललेली. आपल्याला हे जमेल की नाही, या शंकेनं ते आठ दिवस नाण्याला शिवलेच नाहीत. मग भिंगाखाली धरून बांबूच्या काडीनं भुकटी खरवडली. बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं, त्यात धुण्याचा आणि खाण्याचा सोडा कालवून नाणं चार महिने बुडवून ठेवलं. दर आठवड्याला पाणी बदललं. शेवटी वाळवून मेणाचा हात दिला. 'श्री राजा शिव' ही अक्षरं वर आली, तेव्हा त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि एकट्यानंच ती पाचदा वाचली.

पुढच्या वर्षी नाणं पुन्हा हिरवं. त्याच्या पुढच्याही.

"मास्तर, औषध टिकत न्हाय की तुमचं," केरबा म्हणायचा. आपण मास्तर नाही, हेसुद्धा गणपतरावांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

रोग कशात आहे ते त्यांना कळलं होतं. घट बसायच्या आधी केरबाची आई, तानाबाई, सगळे देव चिंच-मिठानं घासायची. मीठ तांब्यात मुरायचं आणि आतून कुरतडत राहायचं. आता अक्षरं धातूत उरलीच नव्हती. वरच्या तांबूस गंजाच्या थरात, कागदाच्या जाडीत, तेवढी तगून होती. आणखी एकदा आंबट लागलं की संपलं. म्हणून यंदा नाणं केरबाच्या हाती न देता घट बसायच्या सकाळी ते स्वतःच निघाले होते.

परसात तानाबाई दगडापाशी बसल्या होत्या. शेजारी ताटलीत घासलेले टाक चकाकत होते. केरबा पत्रावळीवर माती पसरत होता.

"आलं का पावणं! आणा माझा देव. बाकीचं समदं न्हालं, ह्योच राहिलाय."

गणपतरावांनी खिशातून डबी काढली. वाक्य अगदी ओठांवर होतं. पण चिंचेनं काळवंडलेली म्हातारीची बोटं दिसली आणि ते फार उद्धट वाटलं. त्यांनी ते जरा फिरवलं.

"आक्का, म्हणजे असं... तुम्ही याला धुता ना, त्यानंच कळंक चढतो."

तांब्यावरच्या हिरव्या थराला त्यांच्या वहीत कळंक हाच शब्द होता.

तानाबाईंचा हात थांबला. "माझ्या हातानं?"

"हातानं म्हणजे तसं नाही..."

"इसाव्या वर्साला कपाळ पांढरं झालं, तवा दीर ह्येच म्हनला व्हता. तुझ्या हाताचा देवाला कळंक. बारा वर्सं देव्हाऱ्याला शिवू दिलं न्हाय मला. आता शिकल्यालं मानूस पन त्येच सांगतंय."

"मास्तर, काय बोललासा ह्ये!" केरबा मातीचे हात घेऊन उठला.

"मीठ, आक्का. मीठ तांब्याला... पाणी लागलं की मग ते..." गणपतरावांना पुढं जे सुचलं ते आणखी वाईट वाटलं. डबी मुठीत होती. ती परत खिशात घातली तर दिराचं म्हणणं खरं ठरत होतं. दिली तर अक्षरं जाणार होती. तानाबाई मान खाली घालून ताटलीतला एकेक टाक उगाच पुसत होत्या.

त्यांनी डबी उघडली आणि नाणं म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं.

"माझं बोलणं चुकलं. तुमच्याच हातानं न्हाऊ घाला."

तानाबाईंनी मनगटानं डोळे पुसले. चिंचेचा गोळा घेतला, वर मिठाची चिमूट टाकली आणि अंगठ्यानं चोळायला सुरुवात केली. दगडावरून तांबूस ओघळ निघाला. आधी 'शिव' गेलं, मग 'राजा'. 'श्री' जरा वेळ तगलं. पुरे म्हणायला तेवढा वेळ होता. गणपतराव ओघळाकडे बघत राहिले.

पाणी घालून म्हातारीनं नाणं उन्हात धरलं. गुळगुळीत चकती.

"बगा, कसा सोन्यावानी निगाला!"

"व्हय की," केरबा म्हणाला. "मग मास्तरांनी चार म्हैनं केलं काय?"

तानाबाई खुदकन हसल्या. गणपतरावही हसले.

"आता घट बसस्तवर जायाचं न्हाय," तानाबाईंनी बजावलं.

विड्याच्या पानावर शिवराई बसली, हळद-कुंकू वाहिलं गेलं. पाया पडायला पहिल्यांदा पावण्यालाच पुढं केलं. गणपतराव वाकले. सवयीनं चष्मा पुसून त्यांनी नाणं निरखून पाहिलं आणि मग डोळे मिटले.