तळाच्या खापऱ्या

“अहो, खायचं दही कुंड्यांना फासताय?” बायकोने विचारलं.

“त्यानेच शेवाळ धरतं,” असं म्हणून त्याने ब्रश बुडवून दुसरी कुंडी पुढे ओढली.

नर्सरीत त्याचं कामच ते. कोऱ्या कुंड्यांना चुना, चिखल नि दही लावायचं, कानशीने कडा झिजवायच्या आणि कालच्या पोरीला पणजीचं रूप आणायचं. गिऱ्हाईक भुलायचं, मालक खूश. पण आज हे काम घरात आलं होतं ते आईच्या कुंडीपायी.

आई गेली आणि तिची पुदिन्याची कुंडी कोणी न्यायची यावरून दोघी बहिणींचं बिनसलं. दागिने गुपचूप वाटून घेतले, कुंडीवरून मात्र बोलणं टाकलं. निवाडा याच्या गळ्यात पडला. इकडे आड, तिकडे विहीर. त्यातच गच्चीवरून उतरवताना कुंडी हातून निसटली आणि जिन्यात तिचे तुकडे झाले. तो पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता.

“खरं सांगून टाका ना,” बायको म्हणाली.

“ताई म्हणेल, मला मिळू नये म्हणून फोडलीस. धाकटीही तेच म्हणेल. आई तर गेलीच, आता या दोघीही जायच्या.”

पुदिना खुडताना आईचा अंगठा टेकायचा तिथे जुनी कड झिजून खोलगट झाली होती. तो खळगाही त्याने दोन्ही कुंड्यांना पाडला. मूळचे तुकडे फेकवेनात. ते त्याने दोन्हींच्या तळाशी निम्मे निम्मे मांडले, वर माती नि पुदिना. मग एकेकीच्या घरी जाऊन प्रत्येकीच्या कानात सांगितलं, “खरी तुलाच दिली. तिकडे बोलू नकोस.”

काही दिवसांनी दोघी एकत्रच दारात उभ्या राहिल्या. ताईच्या हातात एक खापरी होती, खळगा असलेली.

“पाणी तुंबलं म्हणून कुंडी उपडी केली,” ताई म्हणाली. “मग हिच्या घरी जाऊन हिचीही केली.”

त्याचा जन्म कुंड्यांत गेला आणि पाणी जायला वाट ठेवायची राहिली. धाकटीने पिशवीतून आपली खापरी काढून ताईच्या खापरीला लावली. कड नेमकी जुळली.

“दादा, दोन्ही खोट्या ना रे?” तिने विचारलं.

आता काय ऐकावं लागेल ते लागो, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ताईने त्याचा हात ओढला, तळवा उलटसुलट करून पाहिला.

“फुटली तेव्हा तुला कुठे लागलं नाही ना?”

आईनेही पहिलं हेच विचारलं असतं.