बाराच्या आत

देवरामने गाडीच्या पाठीला बसवलेल्या गॅसच्या टाकीत कोळशाची पाटी उपडी केली, झाकण आवळलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे नजर टाकली. कोळसा ओला होता. सकाळी निघताना बायकोने, सकुबाईने, स्वतःच्या हाताने त्यावर दोन तांबे पाणी ओतलं होतं आणि वर बजावलं होतं,

“आज त्वांड मिटून ऱ्हायचं. गाडीनं बी आन् तुमीबी.”

लढाईने पेट्रोल नेलं तेव्हा देवरामने गाडी कोळशाच्या गॅसवर आणली. आता लढाई गाडीच न्यायला आली होती. हुकूम साधा होता. मोजणीत बारा घोड्यांची किंवा त्याहून जास्त ताकद भरली, तर गाडी लष्कराकडे जमा. बाराच्या आत भरली, तर मालकाकडे. मुरबाडला रेल्वे नाही, आणि मुरबाड-कल्याणच्या एका फेरीवर देवरामचं घर चालत होतं. तेव्हा आज गाडी दुबळी ठरणं भाग होतं. अडचण एवढीच, की गेली चार वर्षं तो शहापूरपासून कल्याणपर्यंत भेटेल त्याला सांगत आला होता, की ह्या गाडीत वीस घोडे आहेत.

आणि ते तो मनापासून सांगत होता. कुण्या शेठची मोडकी मोटार घेऊन त्याने तिला मागून कापली, बाकं बसवली, इंजिन तीनदा खोललं. विलायतेतल्या कारखान्याकडून राहून गेलेल्या चुका त्याने एकेक करून दुरुस्त केल्या होत्या, असं त्याचं मत होतं.

मोजणी भाताच्या गिरणीच्या अंगणात होती. ठाण्याहून आलेल्या साहेबाने गाडीचं मागचं एक चाक उचलून घेतलं, टायर उतरवला आणि उघड्या चाकाला जाड दोराचे वेढे दिले. दोराचं एक टोक तुळईवरच्या कप्पीवरून नेऊन त्याला भाताची चार पोती टांगली. दुसरं टोक ओढ मोजणाऱ्या ताणकाट्यातून जमिनीतल्या खुंटाला बांधलं. इंजिनाने चाक फिरवत ठेवायचं आणि दोराच्या ओढीने पोती अधांतरी तोलून धरायची. मिनिटाला किती फेरे होतात त्यावरून घोडे निघणार.

“आन् घोडं दिसत्याल कुटं?” बुधू टांगेवाल्याने विचारलं. कल्याणची निम्मी गिऱ्हाइकं देवरामने पळवल्यापासून तो मोटारीच्या प्रत्येक दुखण्याला आवर्जून हजर असे.

“कागदावर दिसतील,” साहेब म्हणाला.

“मंग दाणा-वैरन वाचली म्हना.”

इंजिन सुरू झालं. ओल्या कोळशाने काम चोख बजावलं. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली. पोती हातभर उचलली गेली आणि धप्पकन खाली बसली.

“दमेकरी हाय रे!” बुधू ओरडला. “लष्करात नगं, दवाखान्यात न्या तिला!”

अंगण हसलं. देवरामही हसला, पण एका बाजूनेच. त्याने मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. गाडीला एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला त्याच्या हातात लोखंडी सळई होती आणि तो खालच्या दारातून निखारे ढोसत होता.

“काय करतोस?” साहेबाने विचारलं.

“काय नाय साहेब. राख झाडतो जरा.”

राख झाडली, कोळसा सुकला, आणि इंजिनाने असा सूर धरला की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. पोती वर गेली ती तिथेच झुलत राहिली. घासून तापलेल्या दोरावर पाणी ओतलं की वाफ निघत होती. देवरामने बुधूकडे पाहिलं. मग त्याला सकुबाई आठवली आणि त्याने पटकन सळई टाकून दिली.

आता फेरे मोजायचे होते. चाकावर खडूची खूण होती. साहेबाचा कारकून तिसापर्यंत गेला आणि त्याची जीभ अडखळली. एवढ्या घाईने मोजणारा माणूस गावात एकच होता, गिरणीतला म्हातारा मापारी कोंडू.

“माझी नजर घड्याळावर असेल,” साहेब म्हणाला, “तू चाकावर ठेव. हं, कर सुरू!”

“लाभ,” कोंडूने सुरुवात केली, “दोन, तीन, चार...”

“लाभ?”

“येक म्हनत नाय साहेब मापाला. लाभ म्हंजी येकच. सा, सात, आठ...”

कोंडूचा मोजण्याचा सूर खळ्यावरचाच होता. देवराम चाकाशी उकिडवा बसला होता. मनात तो ‘हळू, बाई, हळू’ म्हणत होता आणि पायाने इंजिनाचा ताल धरत होता. खूण वर येई, कोंडू आकडा टाकी. अठरा, एकोणीस, वीस. विसावर कोंडूचा हात कपाळाला लागला, ओठ मिटले, एक फेरा तसाच गेला, आणि मग तो म्हणाला, “एकवीस.”

देवरामचा पाय थांबला.

चाळिसाला तेच झालं. साठाला तेच. भात मोजताना दर विसानंतरचं एक माप कोंडू न मोजता देवाच्या टोपलीत ओती. उभ्या जन्माची सवय. हाताला विचारलं असतं तर हातालाही सांगता आलं नसतं. शंभरापर्यंत पाच फेरे देवाला गेले.

“एकशे सोळा,” कोंडू म्हणाला आणि साहेबाने हात वर केला.

साहेबाने पेन्सिल चालवली. देवराम उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

“साडेअकरा. वर किंचित.” साहेबाने चष्मा काढला. “बाराच्या आत. गाडी तुझी तुला.”

कोंडू समाधानाने हसला. देवरामनेही हात जोडले. सगळं सकुबाईच्या मनासारखं झालं होतं.

“साडेअकरा!” बुधू म्हणाला. “आन् आमाला वीस सांगत व्हता! साहेब, अकरा घोडं समजलं. पर वरचा अर्धा म्हंजी गाढव का वो?”

ह्या वेळी कारकूनही हसला. देवरामने गाडीकडे पाहिलं. ती अजून थरथरत होती.

“साहेब,” तो म्हणाला.

“आता काय?”

“विसावर येक देवाचा जातो.”

कोंडूने कपाळावर हात मारला. साहेबाची पेन्सिल थांबली. त्याने कोंडूकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, कागदावरच्या आकड्याकडे पाहिलं. पाच फेरे वाढवले की बारा भरतात, एवढा हिशेब त्याच्यासारख्या माणसाला कागदाविना येत होता. मग त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि अगदी सावकाश म्हणाला,

“मला ह्या डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. मोजणी संपली. गाडी घेऊन घरी जा.”

देवरामने मान खाली घातली. मुंडासं त्याने सोडलं, पुन्हा बांधलं.

मग तो साहेबाला वळसा घालून उजव्या कानाकडे गेला.