मागचं उजवं चाक

शर्यतीला जायचं म्हणून आमच्या ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तोंड मात्र दाढ दुखत असल्यासारखं केलं. "मी तुझ्या सोबतीला येतोय, तिला भेटायला नाही," हे दारातच जाहीर करून टाकलं. मी म्हटलं, "बरं बाबा, माझ्या सोबतीला या." माणूस जागचा हलला हेच खूप झालं.

तिला म्हणजे बारकीला, आमच्या एकुलत्या एक लेकीला. ह्यांचं गॅरेज आहे आणि पुढच्या खोलीत माझं शिवणकाम. लहानपणी बारकी शाळेतून आली की दप्तर माझ्या मशीनवर टाकायची आणि थेट गाडीखाली शिरायची. मोठी झाली तशी बापाच्या बरोबरीने काम करायला लागली. आता ह्यांची एक रीत आहे. गाडी गॅरेजबाहेर पडायच्या आधी चारही चाकांचा एकूण एक नट हे स्वतः पाना लावून बघणार. बारकीने आवळलेला असला तरी बघणार, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी बघणार. पोरीला ते फार लागायचं. एक दिवस तिने हातातला पाना खाली आपटला. म्हणाली, "बाबा, माझ्या हातावर तुमचा विश्वास बसणार तरी कधी?"

ह्यांनी काय केलं असेल? खाली वाकले आणि तोच नट परत बघितला. मी कपाळाला हात लावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बारकी मोटारींच्या शर्यतीच्या एका टीममध्ये चाकं बदलायच्या कामाला लागली आणि घर सोडून गेली. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. फोन आला की मी बोलायचं आणि ह्यांनी शेजारी बसून पेपरचं एकच पान वाचत राहायचं. दोघांच्याही नाकावर राग, आणि मरण माझं.

आता तिची टीम समुद्रापलीकडे निघाली होती. परत कधी येणार, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. जाण्याआधी या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. शर्यत गेली खड्ड्यात. बारकीने दोन पास पाठवले तेव्हाच मी ठरवलं, ह्यांना न्यायचंच, उचलून न्यावं लागलं तरी बेहत्तर.

जगभरातून माणसं येतात असा तो ट्रॅक. केवढी ती गर्दी! झेंडे काय, रंगवलेले चेहरे काय, एका बाईने तर कुत्र्यालाही टीमचा शर्ट घातला होता. शिलाई बरी होती. आमची जागा पिटच्या बरोबर समोर होती. पिट म्हणजे मधेच गाडी आत येते आणि चाकं बदलून निघून जाते ती जागा. माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ दुर्बीण घेऊन बसले होते. शर्यत सुरू झाली आणि असा आवाज उठला की माझ्या डब्यातली उकडलेली अंडी थरथरली. मी कानात बोटं घातली. हे हाताची घडी घालून बसले होते, लग्नात मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखे.

थोड्या वेळाने समोर बारकीची टीम लगबगीने बाहेर आली. सगळ्यांचे कपडे एकसारखे आणि डोक्यावर हेल्मेट. ओळखायचं कसं? पण तिचे कपडे मी जन्मभर शिवलेत. तिचा डावा खांदा जरासा उतरता आहे. "अहो, ती बघा! मागच्या उजव्या चाकाशी गुडघ्यावर बसलीये ती!" हे म्हणाले, "असेल." आणि पुढे सरकून बसले.

गाडी आली. बारकीने नट खोलायचं मशीन लावलं, घर्र झालं, जुनं चाक निघालं, नवं बसलं, परत घर्र झालं, तिने हात वर केला आणि गाडी सुटलीसुद्धा. मला तर सुईत दोराही ओवता आला नसता तेवढ्यात.

हे ताडकन उभे राहिले. "अगं, बघितलंच नाही कुणी!"

"काय बघितलं नाही?"

"नट! तिने हात वर केला आणि सोडली गाडी. दुसऱ्या कुणी हात लावून बघायला नको?"

"इथे तशी पद्धत नाही, साहेब," टोपीवाले समजुतीने म्हणाले. ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी न मागता दुर्बीण काढून दिली.

तिथून पुढे ह्यांनी शर्यत पाहिलीच नाही. पाहिलं ते एक चाक. बारकीची गाडी समोरून जायची तेव्हा हे दुर्बीण डोळ्याला लावून अर्धे कठड्याबाहेर, आणि मी त्यांचा इस्त्रीचा शर्ट मागून धरलेला. गाडी वळणाआड गेली की मोठ्या पडद्यावर ओरडायचे, "सारखं त्या पहिल्यालाच काय दाखवता? मागच्यांची चाकं दाखवा!" मधे एकदा सगळ्याच गाड्या हळू झाल्या. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "सुटलं," म्हणाले, "चाक सुटलं तिचं." कुठे सुटलं? दुसरीच कुठली तरी गाडी गरगर फिरून गवतात गेली होती, म्हणून सगळ्यांना सावकाश चालायला सांगितलं होतं. मी अंडं सोलून ह्यांच्या तोंडात कोंबलं, तेवढीच शांतता.

बारकीची गाडी सातवी आली. ह्यांनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की पुढच्या तीन ओळी वळून बघायला लागल्या. "सातव्या नंबरला एवढं?" टोपीवाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला लेक आहे का हो?" ते हसले, दुर्बीण घेतली आणि निघून गेले.

मागच्या फाटकाशी बारकी भेटायला आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हेल्मेट काखेत. मला घट्ट मिठी मारली. मग बापासमोर उभी राहिली. एक बुटांकडे बघतोय, एक हेल्मेटकडे. मी आता दोघांच्या पाठीत धपाटे घालणार, तेवढ्यात हे बोलले.

"चाक हललं नाही."

बारकीने मान वर केली. "तिथे बसूनही तपासत होतात ना?"

"हो," हे म्हणाले. "शेवटपर्यंत."

संपलं, मला वाटलं, आता ही वळून जाणार. पण पोरगी बापाच्या आणखी जवळ सरकली.

"इथे कुणीच बघत नाही, बाबा. मी हात वर केला की गाडी सुटते. आत माणूस बसलेला असतो. दर वेळी वाटतं, नट सैल राहिला असेल तर? मागे वळून बघते, आणि तुम्ही नसता."

ह्यांनी तिच्या काखेतलं हेल्मेट काढून माझ्याकडे दिलं आणि तिचे दोन्ही हात धरले, ग्रीसने काळे झालेले.

"घाबरायचं नाही. एवढी वर्षं रोज बघितलंय मी. तुझा एकही नट कधी सैल निघाला नाही."

"एकही?"

"एकसुद्धा नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" बारकी रडत रडत ओरडलीच.

हे तिच्या हातावरचं ग्रीस अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझं काम बघून बरं वाटायचं गं. सांगितलं असतं, तर तू परत बघू दिलं नसतंस."