लाडकीच्या जिभेला चिकटलेलं हाड

रानशेतला मी गुरांना लस टोचायला गेले, तर गोठ्यांपाशी कुणी नाही आणि अख्खा पाडा शेततळ्याच्या खड्ड्याभोवती. खणताना हाडं निघाली होती. हाडांमागोमाग कुठूनसे एक महाराजही उगवले होते.

"बाळांची हाडं!" महाराज गरजले. "हे दातांचे ओरखडे बघा! भुताळीनं खाल्लीत! जिनं खाल्लं, तिचं तोंड हाड बरोबर ओळखतं!"

हाड तांब्यातल्या तीर्थात बुडवून ते एकेकाच्या जिभेला टेकवत होते. हाड घसरलं की माणूस सुटला. मग लाडकीआजीची पाळी आली, तेव्हा महाराजांनी झोळीत हात घातला. एकटी विधवा, रस्त्याला लागून शेत. तिच्या जिभेला लावलेलं हाड लोंबकळतच राहिलं. बाया किंचाळल्या.

हाल्याची पोर गेल्या महिन्यात तापानं गेली होती. त्यानं कोयता उचलला. "माजी पोर तू खाल्लीस?"

लाडकीनं हाड ओढून काढलं. "नाय रं बाबा! तिला तं मीच मांडीवर खेळवली."

"आजच्या आज गावाबाहेर काढा हिला!" लाडकीचा पुतण्या विनोद ओरडला. महाराजांना गाडीवर बसवून आणणारा हाच. म्हातारीच्या शेतावर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण त्या घडीला कुणाला आठवेल तर शपथ!

माझं डोकं फिरलं. मी गर्दीत घुसले.

"डॉक्टरबाई, तुम्ही गुरांचं बघा," विनोद म्हणाला.

"गुरांचंच बघतेय!" लाडकीच्या हातातलं हाड मी माझ्या जिभेला लावलं. चिकटलं. "घ्या, मीही भुताळी. महाराज, आता तुमची जीभ!"

"आम्ही सिद्धपुरुष, अशा अशुद्ध वस्तूला..."

"मघापासून तीच हातात घेऊन नाचताय ना?"

हाल्यानंच त्यांची मान धरली. हाड महाराजांच्या जिभेवर डुलू लागलं. कुणीतरी फिसकन हसलं.

फार जुन्या हाडातलं सत्त्व झिजून जातं, बारीक भोकं उरतात. कोरडं असलं की ते जिभेचं पाणी शोषतं आणि कुणालाही चिकटतं. ओलं केलं की नाही चिकटत. लाडकीसाठी या भामट्यानं खड्ड्यातलंच एक हाड झोळीत कोरडं ठेवलं होतं. मी तेच तांब्यात बुडवून पुन्हा जिभेला लावलं. लगेच घसरलं.

"आणि हे बाळाचं नाही. या टोकाला दोन गाठी बघ, हाल्या. दोन खुरांच्या जनावराची नळी, सांबराची. दातानं खड्डे पडतात. हे सरळ ओरखडे आहेत, पात्यानं मांस सोडवल्याचे."

हाल्यानं मोडकी बाजू चाचपली. "ही तं नळी फोडलीय. आमी बकऱ्याची फोडतो तशीच."

"हो. आणि खड्ड्यातलं हे शिंग बघ, घासून टोकदार केलंय, कातड्याला भोकं पाडायला. फार पूर्वी इथं माणसांनी शिकार केली, वाटून खाल्ली. एवढंच."

हाल्यानं कोयता टाकला आणि तो लाडकीच्या पायाशी बसला. ती त्याच्याकडे बघेना.

महाराज आणि विनोद यांच्याविरुद्ध मी त्याच दुपारी पोलिसांत तक्रार दिली. पण रानशेतकरांनो, राग मला तुमचाही येतो. सणासुदीला नळ्या फोडणारी तुम्ही माणसं, फोडलेली नळी तुम्हाला ओळखू आली नाही, कारण कुणी ती नीट पाहिलीच नाही. पोराला ताप आला तर दवाखान्यात न्या. आणि पुन्हा कुणी एखाद्या म्हातारीला भुताळी म्हणालं, तर आधी ते हाड त्याच्या जिभेला लावा.