भूपुराचं दार

आश्विनातली सकाळ. कृष्णेच्या संथ पाण्यावर हळदुवं ऊन. देवळाच्या काळ्या पाषाणावर, सुकत आलेल्या शेवाळावर तेच चंचल ऊन. कुठे ठरत नव्हतं ते. क्षणात कळसावर, क्षणात उंबऱ्यावर.

सगुणेचं चित्तही ठरत नव्हतं.

ललितापंचमीचं श्रीयंत्र दरवर्षी तिच्याच हातचं. शुभ्र पाटावर कुंकवाच्या रेघा. आधी बिंदू, सृष्टीचं निद्रिस्त बीज. मग त्रिकोण: चार ऊर्ध्वमुख शिवाचे, पाच अधोमुख शक्तीचे, एकमेकांत शिरलेले, एकमेकांवाचून अपुरे. मग अष्टदल. मग षोडशदल.

फुलं घेऊन आलेली गुरवीण काशीबाई कानाशी वाकली. "काकू, तुमची वैदेही घाटावर बसलीया. मांडीवर तान्हं लेकरू. परतीच्या दोन गाड्या गेल्या, पर वर यायचं धाडस हुईना तिला."

बोटांतलं कुंकू सांडलं.

दोन वर्षं! वैदेहीनं जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवशी बापानं दार लावलं. आईनं कडी काढली नाही. नुसती उभी राहिली. दगडी, अपराधी.

खाली घाट, वर मंडप, मधे चाळीस पायऱ्या. चाळीसच!

समोर तिचे पती विनायकशास्त्री, रेशमी सोवळ्यात, पूजेसाठी खोळंबलेले. "आवर. मुहूर्त टळेल."

राहिलं होतं भूपुर. यंत्राभोवतीची चौरस तटबंदी; चार दिशा, चार दारं. उत्तर झाली, पूर्व झाली, दक्षिण झाली. पश्चिमेला रेघ थांबायला हवी होती. थांबली नाही. थरथरत, धावत, रक्तवर्ण, ती दारावरून आरपार गेली.

"अगं, दार बुजवलंस! देवी यायची कुठून?"

"बुजवलं खरं," सगुणा म्हणाली. "दोघांनी मिळून. वैदेही आलीय. खाली, घाटावर. बाळ घेऊन."

 शास्त्रीबुवा यंत्राकडे पाहत राहिले.

तिनं वाट पाहिली नाही. पदरानं रेघ पुसली, उठली, निघाली. एक पायरी, दुसरी, दहावी, विसावी. ऊर धपापत, गुडघे कुरकुरत, सगुणा उतरत राहिली.

लेकीनं मान वर केली. डोळे भरले.

मग मागून पावलं वाजली. अडखळणारी, अनवाणी. पूजेआधी कुणाची सावलीही चुकवणारे विनायकशास्त्री सोवळ्यातच उतरत होते. आणि त्यांचे दोन्ही हात पुढे पसरले होते, ओंजळीसारखे, रिते.